विहिरीत शिकलेल्याची खोड

मंडळी, आज सकाळी नातीला घेऊन अमरावतीच्या स्विमिंग पूलवर गेलो होतो. तिथे एक नवी मुलगी पोहता पोहता सारखी डावीकडे वळत होती. कोच ओरडत होता, "सरळ पोह ना!"

मी काठावरून विचारलं, "पोरी, विहिरीत शिकली का?"

"हो. तुमाले कसं समजलं?"

मला नाही समजणार तर कोणाला? साठ सालच्या आसपास मी वलगावच्या विहिरीत शिकून अकोल्याला पहिल्या शर्यतीला गेलो. विहीर गोल, म्हणून मीही गोलच पोहायचो. शर्यतीत सगळ्यांच्या पुढे होतो आणि वळून थेट शेजारच्याच्या अंगावर गेलो. बाद! सगळे हसले. बाबा तेवढे म्हणाले, "तुही काय चूक? आपली इहीरच गोल हाये."

पुढे पदकं मिळाली, कोच झालो आणि खेड्यातून आलेल्या पोरांची हीच खोड आयुष्यभर मोडत राहिलो.

आज त्या मुलीला मात्र काहीच सांगावंसं वाटलं नाही.

माझ्या कमरेला बांधलेला दोर धरून बाबा विहिरीच्या काठावर उभे राहायचे. गोल पोहताना प्रत्येक फेरीला त्यांचा चेहरा दिसायचा. सरळ पोहायला शिकलो आणि तो मागे राहिला. आता विहीर बुजवली, बाबा गेले, डॉक्टरांनी माझं पोहणंही बंद केलं.

तुमच्यात कोणी विहिरीत शिकलंय का? तुमचा दोर कोणाच्या हातात होता?