तंबाखू मुरलेली खोली

निपाणीच्या आमच्या घरामागची खोली उघडली, की आजही आधी तंबाखूचा वास अंगावर येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तिथं पापड लाटून पोट भरणारी एक जैन विधवा भाड्यानं राहायची. दर आठवड्याला भुई सारवायची, पावसाआधी स्वतः उभी राहून कौलं परतून घ्यायची. "चूल पेटती तवर खोली टिकतीया रं. माणसाला दे, मालाला देऊ नको," असं माझे वडील, आप्पा, मला बजावायचे. ते गेले आणि व्यवहार माझ्या हातात आला. त्याच सुगीत एका व्यापाऱ्यानं तंबाखूची बोदं, म्हणजे तागात बांधलेले मोठे गठ्ठे, ठेवायला दुप्पट भाडं देऊ केलं, आणि मला मोह पडला. "आक्का, दोन महिन्यांपुरती दुसरीकडं सोय बघा," मी बाईंना म्हटलं. त्यांनी सामान बांधलं. जातानासुद्धा भुई सारवून गेल्या. माल उठल्यावर मी भिंतींना चुना लावला आणि चिकोडीला बहिणीकडं राहिलेल्या आक्कांना निरोप धाडला. त्या लगेच आल्या, पण उंबऱ्यातच थांबल्या. भिंतीवर तळवा टेकवला, हुंगला. "पापडाला वास लागंल, अण्णा. कोण घ्यायचं न्हाय," असं म्हणाल्या, तेही चूक जणू त्यांचीच असल्यासारखं खालच्या आवाजात. पुढं कितीतरी बिऱ्हाडं खोली बघून गेली, पण तिथं पाण्याची घागर ठेवायला कुणी धजलं नाही. मातीच्या भिंतीत मुरलेला वास चुन्याला दाद देत नाही. हल्ली दर आठवड्याला ती भुई मीच सारवतो. चूल मात्र पुन्हा पेटली नाही.