रखमीबायची सही

खोडाळ्यात माझं रेशनचं दुकान आहे. मी तोंडाचा फटकळ, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक. पण एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

पंधराएक वर्षं झाली त्याला. रखमी पागी पाड्यावरून चालत धान्याला आली होती. रजिस्टरात सहीची जागा दाखवली, तर बाई नुसतीच हसली. मी शाईचं पॅड पुढं ढकललं आणि भर रांगेत ओरडलो, "अगं ए अंगठेबहाद्दर, लाव लवकर!" रांग खो खो हसली. रखमीबायनं मुकाट्यानं अंगठा लावला.

पण ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. पाड्यावर प्रौढांचा वर्ग निघाला, तिथं ही जाऊन बसली. सहा महिन्यांनी आली ती थेट पेन मागत. जीभ दातांत धरून 'रखमी जिवा पागी' लिहिलं आणि म्हणाली, "आता मेले तरी अंगठा नाय लावायची." तेव्हापासून दर महिन्याला सही. 'ख' तेवढा लंगडा यायचा.

मग दुकानात मशीन आलं. बोट टेकवा, धान्य न्या. रखमीबाय मशीनकडे बघून म्हणाली, "पेन दे."

"आता सही चालत नाही गं. मास्तरांनीसुद्धा अंगठा ठेवला."

"मास्तराला कोण अंगठेबहाद्दर बोलला व्हता?"

बाई रिकामी पिशवी घेऊन गेली. कार्डावर ती आणि नवरा जिवा, दोघंच. जिवा अंथरुणाला खिळलेला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती परत आली. आज धान्य उचललं नाही तर तो महिना बुडाला. "घरवाल्याला पेज लागते," एवढंच म्हणाली आणि तिनं अंगठा टेकवला.

मशीननं नाकारला. पदराला पुसून पुन्हा टेकवला, पुन्हा तेच. चाळीस वर्षं भाताची आवणी न् गवतकापणी केलेला हात तो, त्यावर रेघा कुठून राहणार? चौथ्या खेपेला तिचे डोळे भरून आले.

"मी अंगठा सोडला व्हता, शेट. आता अंगठ्यानं मला सोडला."

माझं डोकंच फिरलं. मशीन बाजूला सारलं. ज्यांचा अंगठा लागतच नाही, त्यांच्यासाठी एक वही असते. मशीननं नाकारल्याशिवाय ती उघडायची नाही, असा नियम. आता नाकारलं होतंच. वही उघडली, पेन तिच्या हातात दिलं.

तिनं सावकाश सही केली. मग वही माझ्याकडं फिरवली.

"वाच."

"रखमी जिवा पागी," मी पुटपुटलो.

"तवा कसा वरडला व्हतास? तसा वाच."

मी उठून उभा राहिलो आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं. कुणी हसलं नाही. रखमीबायनं डोळे पुसले आणि पिशवी पुढं केली.