करंजाच्या मुळाशी मासळी

परवा मालाडच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला आणि पाय आपोआप आमच्या जुन्या चाळीमागच्या टेकडीकडे वळले.

ऐंशीच्या दशकात तिथे नुसता मुरूम होता. गिरणी बंद पडल्यावर बाबा वनखात्याच्या रोजंदारीवर त्या टेकडीवर झाडं लावायला जात. आमच्या गावी मालवणात माडाच्या मुळात खत म्हणून मासळी घालतात. म्हणून बाबांनी शेजारच्या कोळीणमावशीकडून सुक्या मासळीची डोकी मागून आणली आणि करंजाच्या प्रत्येक रोपाखाली पुरली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन गेले, तर सगळी ओळ उपटलेली. मासळीच्या वासाने कुत्र्यांनी खड्डे उकरले होते. मुकादम शांतपणे म्हणाला, "वाट लावलीत ना, काका. उद्यापासून येऊ नका."

बाबा उकिडवे बसले आणि एकेक रोप पुन्हा लावत, भोवती बाभळीचे काटे रोवत गेले. मला म्हणाले, "पाणी घाल गो. जीव आसा अजून." मी मान खाली घालून पाणी घातलं. मला तेव्हा बाबांची लाज वाटत होती. दुपारपर्यंत मुकादमच काटे आणून द्यायला लागला.

परवा त्याच ओळीखाली उभी राहिले. वर पाहिलं, तर आभाळ दिसेना. त्या मुरमातून एवढी सावली आली कुठून, कळेना. आणि बाबांच्या करंजांखाली चार कुत्री गाढ झोपली होती.