काठ वर आला त्या वर्षी

पंपमामांच्या उमेदीची सगळी वर्षं नदीकाठच्या पंपघरात गेली. नळाला पाणी आलं की मामांची आठवण कुणाला व्हायची नाही, नाही आलं की अख्खं गाव त्यांच्या नावाने खडे फोडायचं.

भूकंप झाला तेव्हा मामा दाढी करत होते. घराला तडा गेला नाही, पण मामांच्या गालाला चीर पडली. रक्त पुसत ते पंपघराकडे धावले. वीज आल्यावर पंप चालू केला. नुसता गरगरला, पाणी थेंबभर नाही. बादल्या ओतून हवा काढली, तरी तेच.

पाणीपुरवठ्याच्या साहेबांचा फोन आला. "मामा, काय चाललंय? लोक माझं डोकं खातायत!"

आपल्याच हातून काही राहिलं की काय, असं मामांना वाटलं. ते काठ उतरून बघतात तो काय, पाइपाच्या तोंडाची जाळी पाण्याच्या वीतभर वर लोंबत होती. खालच्या ओल्या दगडांवर शिंपले उघडे पडले होते.

मामांनी पाइपाला तुकडा जोडून जाळी खाली सोडली. दुसऱ्या दिवशी पाणी सुरू झालं. पण नदी आटल्याचा बोभाटा काही थांबेना. मामींनीही जास्तीची पिंपं भरून ठेवली.

"आटली म्हणावं, तर पलीकडच्या काठावरच्या धक्क्याला पाणी होतं तिथंच आहे," मामा म्हणाले. "होड्या आरामात लागतायत."

पुढच्या आठवड्यात भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी उघडे पडलेले शिंपले पाहिले, मग मागच्या चढावरच्या, जमिनीच्या रुंद सपाट पायऱ्या पाहिल्या. मधल्या पायरीवर मामांचं घर होतं. परसात खड्डा खणू का, असं त्यांनी विचारलं.

"खणा, पण माझी मेथी सांभाळून," मामींनी बजावलं.

मेथी काही वाचली नाही. खड्ड्यात मात्र गोल गोटे निघाले, वाळू निघाली आणि वाळूत उभे रुतलेले शिंपले. दोन्ही झाकणं मिटलेली.

"पायऱ्या नुसत्या पाऊसपाण्यानेही होतात," बाई म्हणाल्या. "पण हे शिंपले होते तिथेच, एकदम मेलेत. जमीन झटक्यात वर आली आणि यांचं पाणी गेलं. परवा झालं तसंच."

"म्हणजे आम्ही नदीत राहतो?" मामींनी डोळे विस्फारले.

"जुन्या नदीत. काही हजार वर्षांपूर्वीच्या. वाळू तपासली की नक्की कळेल."

"पुन्हा होईल?" मामांनी विचारलं.

"होईल. उद्या की नातवंडांच्या नातवंडांच्या वेळी, ते मात्र मला सांगता यायचं नाही."

मामा खड्ड्याच्या कडेला बसले. चूक आपली नव्हती, या विचाराने आधी त्यांना हायसं वाटलं. मग आपण झोपतो त्या जमिनीचा विचार आला आणि ते उठून घराच्या भिंती निरखू लागले.

घर सोडून जायचं कुठे, हा प्रश्नच होता. मामांनी गवंडी बोलावून भिंतींचे कोपरे लोखंडी पट्ट्यांनी बांधून घेतले. मामींनी पलंगाशेजारचं कपाट भिंतीला बोल्टने आवळायला लावलं, आणि वर गवंड्यालाच ते हलवून बघायला सांगितलं.