हिना थंडीतच लावायचा

हिन्याचं अत्तर लावून कुणी शेजारी बसलं, की मला आजही स्वस्थ बसवत नाही. वास किती मायेचा! लवंग, जायफळ, भिजलेली माती, शालीच्या घडीतली ऊब. लोक डोळे मिटून "अहाहा" म्हणतात आणि मी मनात विचारत असते, जायचं की राहायचं?

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही नाशिक सोडून वाशीला आलो. बाबांनी फ्लॅट घेतला तो आईला न विचारता. आजूबाजूला अर्धवट इमारती, हे एवढाले डास, खाडीचा कुबट वारा. आल्या दिवशीच आईने जाहीर केलं, "दिवाळी इथे करीन. मग पोरीला घेऊन मी चालले नाशिकला. तुम्ही बसा तुमच्या फ्लॅटला कवटाळून!"

आई एकदा बोलली की बोलली. गरम कपड्यांची ट्रंक तिने उघडलीच नाही. मग मीही कुणाशी मैत्री केली नाही. समोरच्या दारातली, माझ्याच वर्गातली मुलगी रोज खेळायला बोलवायची आणि मी अभ्यासाचं नाटक करायचे. जायचंच आहे तर उगाच जीव कशाला लावा?

हिन्याची कुपी त्याच ट्रंकेत होती. आमच्याकडे नियम होता, उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना. नाशिकला नरकचतुर्दशीची अंघोळ झाली की दात वाजायचे. आई सगळ्यांच्या हातांवर हिना लावायची, कानात अत्तराच्या कापसाचा फाया द्यायची.

"इथे मेली थंडीच नाही, हिना लावायचा कधी?" आई सारखी म्हणायची. थंडी पडली तर आई राहील, म्हणून मी रोज सकाळी गॅलरीतून हात बाहेर काढून बघायचे. कसली थंडी न कसलं काय! मला रडूच यायचं.

चतुर्दशीची पहाट उजाडली. अंघोळी झाल्या आणि बाबा बाहेर आले ते स्वेटर, मफलर, माकडटोपी घालून. ट्रंक त्यांनीच उघडली होती. पंखा बंद करून हात चोळत म्हणाले, "काय कडाका पडलाय!" कपाळावरून घामाच्या धारा.

"अहो, वेड लागलंय का? चक्कर येऊन पडाल!"

"आधी हिना लाव."

आईने डोळे वटारले, मग फिसकन हसली. तिने पंखा लावला, कुपी काढली, बाबांच्या हाताला आणि माझ्या हाताला अत्तर लावलं.

"घामाने टिकायचा नाही हो हा."

"मग रोज लाव."

 आईने कुपी बंद केली. स्वतःला लावलाच नाही.

दिवसभर मी तिच्या मागे मागे. हातातली चकली तशीच. "काय गं, शेपटासारखी काय फिरतेस?" ती खेकसली. विचारायचा धीर होईना.

संध्याकाळी पणत्या लावायला ती वाकली आणि तिच्या कानात कापूस दिसला. वासही आला.

"आई, तू लावलास?"

"मग? सण आहे ना!" तिने वात सारखी केली. "आणि बाबांना सांग, ती ट्रंक माळ्यावर टाका. कपडे मी कपाटात लावलेत."

मी धावत जाऊन समोरच्या दाराची बेल दाबली. ती मुलगी दार उघडेपर्यंत दाबतच राहिले.