सरांनी बंदी घातलेला शब्द

सरांचा एका शब्दावर मनापासून राग होता. तो शब्द म्हणजे 'गुड'. उभी हयात शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली, पण निबंधात 'गुड' दिसला की सरांचं डोकं फिरलंच म्हणून समजा. "माझी आजी गुड, माझं पेन गुड आणि कालचं जेवणही गुड! अरे, तिघांत काही फरक आहे की नाही? आजी प्रेमळ, पेन टिकाऊ, जेवण चविष्ट. इंग्रजांकडे काय शब्दांचा दुष्काळ पडलाय?" मग त्या पोराला उभं राहून 'गुड'च्या जागी पाच शब्द सांगावे लागत, आणि त्यातला आजीला कुठला शोभतो ते अख्खा वर्ग ठरवी. पोरांनी त्यांचं नाव 'गुडबंदी' ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं.

आता दैवाची थट्टा बघा. निवृत्तीनंतर सरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, आणि एवढ्या मोठ्या भांडारातून जिभेवर एकच शब्द शिल्लक राहिला. गुड. तहान लागली तरी गुड, उशी टोचली तरी गुड. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?" सर म्हणाले, "गुड." डॉक्टर खूश होऊन पुढच्या खाटेकडे गेले. सरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना (सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणते), हसावं की रडावं कळेना. मग त्यांनी दोन्ही केलं.

बोलायचा व्यायाम घ्यायला एक ताई घरी येई. ती म्हणाली, "सरांना सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. हो-नाही विचारू नका, त्यांची मान भलतीकडेच हलते. शब्द तुम्ही द्या, आणि डावा हात हातात धरा. बरोबर शब्द आला की ते दाबतील." काकूंनी ते लगेच उचललं. खिडकी? पांघरूण? चहा? हात दाबला की चहा. असा संसार परत सुरू झाला.

सरांची खाट रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीला लागून होती. समोरच्या भिंतीवर शिकवणीचा जुना फळा. शेजारचा न्हावी सरांचा विद्यार्थी, तो रोज सकाळी दुकान उघडण्याआधी सरांची दाढी करून जाई. "कशी झाली, सर?" "गुड." "ऐकलंत काकू? शाळेत जन्मात मिळाला नाही, आता रोज मिळतोय!" सर डाव्या हाताने त्याला चापट मारायचे. रस्त्याने जाणारा कुणी ना कुणी खिडकीशी थांबे. कुणी नोकरीचं सांगे, कुणी कडेवरचं बाळ दाखवी. सगळ्यांना एकच उत्तर, पण चेहरा दरवेळी निराळा.

आणि काकू? काकू थकल्या होत्या, सरळ सांगायचं तर. सरांना उठवा, बसवा, कूस बदला, पुसा. कंबरेचा पार भुगा झाला होता. मुलगा लांबच्या शहरात नोकरीला. तो फोनवर म्हणे, "आई, इकडे या दोघं. अकराव्या मजल्यावर मोकळी खोली आहे, लिफ्ट आहे, मदतीला माणूस ठेवू. तिथे एकटी किती मरशील?" काकूंचं मन तर कधीच तिकडे जाऊन बसलं होतं. त्यांनी फोन सरांच्या कानाला लावला. "बाबा, यायचं ना?"

सर म्हणाले, "गुड."

मग काय, पडत्या फळाची आज्ञा! मुलाने सामानाची गाडी ठरवली, काकू बांधाबांधीला लागल्या. तो 'गुड' खालच्या आवाजात आला होता, नजर खिडकीबाहेर होती, हे काकूंनी पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं. चहापासून पांघरुणापर्यंत सगळं हात धरून विचारणाऱ्या काकूंनी एवढीच गोष्ट विचारली नाही. उत्तराची भीती वाटली, दुसरं काय?

गाडी यायच्या दिवशी सकाळी न्हावी आला. खोलीत खोके, फळा भिंतीवरून उतरवलेला. त्याने नेहमीपेक्षा सावकाश दाढी केली. टॉवेल झटकताना म्हणाला, "सर, तिकडे कोण करणार हो तुमची दाढी?"

"गुड," सर म्हणाले. तोच खालचा आवाज. न्हाव्याने डोळे पुसले आणि वस्तरा तसाच उघडा घेऊन निघाला. काकूंना ओरडावं लागलं, "अरे, मिटव तो, कापून घेशील!"

तो गेल्यावर काकूंनी दार लावून घेतलं. खाटेवर बसल्या, सरांचा डावा हात हातात घेतला.

"हे बघा, एक शब्द चालणार नाही. तुमचाच नियम आहे. मी पाच देते, तुम्ही निवडा. मुलाकडे जायचं. छान वाटतं?"

हात तसाच.

"बरं वाटतं?" काही नाही. "ठीक?" काही नाही.

काकू आणखी जवळ सरकल्या. "नकोच आहे?"

त्याला तरी दाबतील असं त्यांना वाटलं होतं. पण हात निपचित. आता पाचवा कुठून आणायचा? आणि तोंडून आपोआप निघालं ते त्यांचंच, आयुष्यभराचं.

"चालेल?"

सरांनी हात दाबला. सोडेचनात.

हा काकूंचा शब्द होता. फार पूर्वी सरांना मोठ्या शहरातल्या शाळेची नोकरी चालून आली होती. काकूंची सख्खी बहीण तिथेच राहायची, त्यांनी मनात घरसुद्धा मांडलं होतं. सरांचा जीव या गल्लीतून निघेना. "राहू या इथेच, तुला चालेल ना?" "चालेल." सर तेव्हा चिडवायचे, "चालेल हा काय शब्द झाला? आवडेल की नाही ते सांग!" काकू म्हणत, "मी तुमच्या वर्गात नाही." त्या 'चालेल'मध्ये काय काय गिळलं होतं ते सरांना कधी कळलंच नाही, असं काकू धरून चालल्या होत्या.

"माझ्यासाठी?" काकूंनी विचारलं. सरांनी पुन्हा दाबला. काकू पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या.

मग उठल्या आणि मुलाला फोन लावला. "गाडी नको. नाही, बाबांना काही झालेलं नाही. तू तिकडे ठेवणार होतास तो मदतीचा माणूस इकडे बघून दे. माझ्याच्याने आता एकटीने होत नाही. हो, मीच सांगतेय. 'चालेल' नाही म्हणत मी, 'होत नाही' म्हणतेय."

फोन ठेवून त्यांनी फळा उचलला, भिंतीला टेकवला आणि सरांकडे वळल्या.

"इथेच राहायचं. ऐकलंत?"

सरांचे ओठ हलले, चेहरा ओढला गेला. ते जिवाच्या आकांताने दुसरा शब्द शोधत होते. कपाळावर घाम आला, शब्द येईना. काकूंनी त्यांच्या गालावर हात ठेवला, ताज्या दाढीचा गाल गार लागला.

"राहू दे, सर," त्या म्हणाल्या. "आज गुड म्हणा. आज चालेल."