सॅन्टनचं गलबत आणि हंसाताईंचा राक्षस

वसईजवळच्या गास गावच्या सॅन्टन लोपीसला दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळायचा. वसईतल्या एका छापखान्यात तो प्रूफं तपासायचा. लग्नपत्रिका हातात पडली तरी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघायचा, मग नवरी कोण ते.

२००१ साली कुवेतच्या मेव्हण्याने त्याला एक इंग्रजी पुस्तक पाठवलं. टेबलाभोवती बसून खेळायचा गोष्टीचा खेळ होता तो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, आणि बेत जमला की फसला ते फाशांनी ठरवायचं. सॅन्टनने तसाच स्वतःचा खेळ मराठीत रचला, 'अर्नाळ्याचं गलबत'. त्यात गलबत हाकणारा एक तांडेल होता, जादूचं जाळं विणणारी म्हातारी होती, बेटावरच्या किल्ल्यात दडलेला समुद्री चाचा होता. छापखान्याच्या मालकाने पुस्तिका काढली तेव्हा सॅन्टनने पहिल्या पानावर रुबाबात लिहिलं, 'या खेळाचे नियम कोणीही वापरावेत, बदलावेत, छापावेत. परवानगी कायमची आहे. ज्याचं घेतलं त्याचं नाव तेवढं ठळक छापावं. माणसं आणि गोष्ट मात्र माझी.'

"एवढं कशाला लिहिलंत?" बायकोने, लुईझाने विचारलं.

"घेणार कोण आहे?" तो म्हणाला. "पण दिसतं चांगलं."

वर्षभरात घेतलं. विरारला वाचनालय चालवणाऱ्या हंसा सामंतांनी 'इमारतीतला राक्षस' नावाचा खेळ काढला. खेळणारे सगळे फ्लॅटवाले आणि राक्षस म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी. नियम सॅन्टनचे, माणसं त्यांची स्वतःची, पहिल्या पानावर सॅन्टनचं नाव ठसठशीत. विरारमध्ये गच्चीगच्चीवर लोक तो खेळू लागले. एका रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर कोणीतरी सॅन्टनलाच विचारलं, "हंसाताईंचा खेळ खेळलात की नाही?"

सॅन्टनचा तिळपापड झाला. 'गलबता'ची दुसरी आवृत्ती निघत होती. तिच्यासाठी त्याने नवा मजकूर लिहिला, 'पूर्वीची परवानगी रद्द. यापुढे लेखी विचारावे.' त्याची एक प्रत हंसाताईंना पोस्टाने धाडली.

तिसऱ्या दिवशी हंसाताई जुनी पुस्तिका घेऊन छापखान्यात हजर.

"सॅन्टनभाऊ, हा शब्द जरा वाचून दाखवता?"

"कायमची," सॅन्टनने वाचलं. मग घसा खाकरून म्हणाला, "ती छपाईची चूक आहे."

"प्रूफं कोणी तपासली होती?"

मालक घाईघाईने कागद मोजायला आत गेला.

"नव्या आवृत्तीत परवानगी द्यायची नसेल तर नका देऊ," हंसाताई म्हणाल्या. "पण दिलेल्या शब्दावर लोकांनी काही उभं केलंय. ते खालून काढून घेतलंत, तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर कोण काय रचेल?"

निदान चार चुका तरी सापडतील म्हणून सॅन्टनने त्यांचा खेळ घरी नेला आणि लुईझाबरोबर खेळायला बसला. चूक एकच सापडली. त्याहून वाईट म्हणजे एक झकास नियम सापडला. त्याच्या खेळात फासा फसला की तांडेल किनाऱ्यावर बसून राहायचा. हंसाताईंच्या खेळात फासा फसला की नवं संकट यायचं, पण गोष्ट पुढे सरकायची. आणि पहिल्या पानावर त्यांनीही लिहिलं होतं, 'माझे नियमही सगळ्यांचे.'

सॅन्टनने तो नियम आपल्या दुसऱ्या आवृत्तीसाठी उचलला. हंसाताईंचं नाव घातलं शेवटच्या पानाच्या तळाशी, छापखान्यातल्या सर्वांत बारीक अक्षरात. हंसाताई पुन्हा आल्या. या वेळी बोट जुन्या पुस्तिकेतल्या 'ठळक' या शब्दावर होतं. उरलेल्या प्रतींचं पान मालकाने मुकाट्याने बदललं.

त्या नव्या पानावर सॅन्टनने सरळ दोन याद्या दिल्या. नियम आणि फाशांचे तक्ते सगळ्यांचे. तांडेल, म्हातारी आणि चाचा फक्त त्याचे. 'परवानगी रद्द'चा कागद लुईझाने चुलीत घातला.

त्या दिवाळीत विरारच्या वाचनालयात हंसाताईंनी आपल्या 'राक्षसा'चा डाव मांडला. त्यातल्या सेक्रेटरीचं काम सॅन्टनने मागून घेतलं आणि हंसाताईंना संध्याकाळपर्यंत गच्चीची किल्ली दिली नाही.